रिकाम्या खुंट्याला आवतन: एका गाण्याचा व्हिडीओ दोनदा कापला त्याची हकिगत

"चांगलं झालं बाप्पा. पन बैलं गेले कवा, हे काई समजलंच नाई."

गायकाच्या आईची ही प्रतिक्रिया. आर्वी तालुक्यातलं एक गाव, ओसरीवर लावलेला टीव्ही, त्याला खोचलेला पेन ड्राइव्ह, समोर घरचे आणि शेजारचे मिळून पंधरा-वीस जण. गाणं संपलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. ड्रोनच्या शॉटला तर मधेच शिट्टी पडली होती. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत आणि एवढंच बोलल्या. अख्खं गाणं बैलजोडी विकली गेल्याबद्दलचं, आणि बैल कधी गेले तेच त्यांना समजलं नव्हतं. मी तीन आठवडे बसून केलेलं काम त्या एका वाक्यात नापास झालं.

माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. वर्षातले आठ महिने हळद, वरात, मंगलाष्टकं, बिदाई. उरलेल्या दिवसांत कोणाचं भजन, कोणाचं वऱ्हाडी गाणं कापून देतो. हे गाणं त्या गायकाचं, तो माझा मित्र, चालही त्याचीच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीला, बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मित्राच्या घरची गवळाऊ जातीची बैलजोडी उन्हाळ्यात विकली गेली. त्यामुळे ध्रुपद असं आलं: आवतन देऊ कोनाले. गाण्यात बाप आहे तो त्याचाच बाप, आणि व्हिडीओतही तेच, म्हणजे काका, उभे राहिले. नट आणायला पैसे नव्हते, हेही खरं.

शूट 2025च्या पोळ्याला झालं. 21 ऑगस्टला खांदशेकणी, 22ला पोळा, 23ला तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा. आमच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे, लाकडी बैल माणसापेक्षा उंच. आम्ही मात्र गावातलाच घेतला, हातभर बैलांचा. एक कॅमेरा, एका दिवसापुरता भाड्याचा ड्रोन आणि दोन फोन. गाण्याची लांबी 4 मिनिटं 8 सेकंद.

पहिल्या एडिटमध्ये मी काय केलं ते आधी सांगतो, कारण चूक आळसातून झाली नव्हती, मेहनतीतून झाली होती. गाण्याची गती मिनिटाला 75 मात्रा. एडिटिंगची टाइमलाइन सेकंदाला 25 फ्रेमची (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र). म्हणजे एका मात्रेला बरोबर 20 फ्रेम. असा पूर्ण आकडा जुळला की एडिटरच्या हाताला खाज सुटते. प्रत्येक मात्रेवर खूण टाकायची, खुणेवर कट मारायचा, सगळं चपखल बसतं. मी 214 शॉट बसवले. 248 सेकंदांत 214, म्हणजे सरासरी शॉट सव्वा सेकंदाचासुद्धा नाही. वरातीच्या व्हिडीओत हे चालतं. तिथं पाहणारा स्वतःला शोधत असतो, दिसला की खूश. इथं पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जाऊन उभं राहायचं होतं, आणि मी त्याला दर सेकंदाला हाताला धरून बाहेर ओढत होतो.

काकूंचं वाक्य डोक्यात घेऊन घरी आलो आणि पहिल्यांदा एकच केलं: आवाज बंद करून व्हिडीओ पाहिला. गाण्याचे शब्द बंद झाले की चित्र स्वतः काय सांगतं ते उघडं पडतं. माझं चित्र सांगत होतं की एक देखणा तरुण वेगवेगळ्या शेतांत उभा राहून गातो आहे, गावात काही तरी सण आहे, आणि एक म्हातारा मधून मधून दिसतो. विक्री कुठेच नव्हती. ती फक्त शब्दांत होती, आणि शब्द ऐकू येतात म्हणून मी चित्रात ती दाखवायचीच विसरलो होतो. मग वही घेऊन मोजलं. 248 सेकंदांपैकी 97 सेकंद गायकाचे ओठ. काकांच्या चेहऱ्याचे नऊ शॉट, एकही दीड सेकंदाच्या वर नाही. ड्रोन पाच वेळा. स्लो मोशन सतरा ठिकाणी. रिकामा खुंटा एकदा, 18 फ्रेम. एका मात्रेहूनही कमी.

वॉल्टर मर्च या अमेरिकन एडिटरनं कट कुठे करावा याच्या सहा कसोट्या सांगितल्या आहेत आणि त्यांना टक्केही दिले आहेत. त्यात भावनेला 51, कथेला 23 आणि लयीला फक्त 10. मी लयीच्या दहासाठी बाकीचे सगळे विकून बसलो होतो. पण 51 टक्के हा आकडा भिंतीवर लावून काम होत नाही. भावना महत्त्वाची हे लग्नवाल्यालाही माहीत असतं, म्हणून तर तो बिदाईत व्हायोलिन टाकतो. प्रश्न असा होता की माझ्याकडच्या फुटेजमध्ये ती नेमकी आहे कुठे.

पहिली सापडली ती चहाच्या शॉटमध्ये.

पोळ्याच्या दिवशी दुपारी काका कोठ्याच्या दाराशी बसले होते. कॅमेरा चालू राहिला होता. ते उजवीकडे पाहतात, जरा वेळ पाहतच राहतात, मग नजर खाली. साडेतीन सेकंद. खरं तर स्वयंपाकघराकडून चहा येतो का ते पाहत होते. पुढच्याच क्षणी "चहा येऊन रायला का?" असं विचारल्याचं फुटेजमध्ये ऐकू येतं. पहिल्या एडिटमध्ये मी हा शॉट टाकलाच नव्हता, कारण त्यात ते काहीच "करत" नाहीत.

रशियातल्या लेव कुलेशोवनं शंभरेक वर्षांपूर्वी करून पाहिलेला प्रयोग फिल्म शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्याला एकदा सुपाची थाळी जोडली, एकदा शवपेटी. पाहणाऱ्यांना एकदा भूक दिसली, एकदा दुःख. मी हे ऐकून होतो, स्वतःच्या टेबलावर कधी केलं नव्हतं. आता काकांचा चहावाला चेहरा घेतला आणि त्याच्यापुढे चार गोष्टी लावून पाहिल्या. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर: काका हेवा करतात असं वाटलं. तोरणाखालची गर्दी: एकटे पडलेत असं वाटलं. लाकडी बैल ओढणारा नातू: कौतुक. रिकामा खुंटा: मी माऊसवरून हात काढला. चेहऱ्यात एक फ्रेमचाही फरक नव्हता. काकांनी अभिनय केला असता तर हे जमलं नसतं. रडका चेहरा एकाच गोष्टीला जोडता येतो. आम्ही मुद्दाम घेतलेले, डोळ्यांत पाणी वगैरे असलेले दोन शॉट होते. ते मी काढून टाकले.

एक अडचण आली. काका उजवीकडे पाहतात, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये आपण त्यांच्या जागेवरून पाहतो आहोत असं वाटायला हवं. माझा खुंट्याचा शॉट उलट बाजूनं घेतलेला होता. चित्र आडवं उलटवून पाहिलं, तर मागच्या भिंतीवरचं "शुभ लाभ" आरशातलं झालं. खेड्यात कोणती ना कोणती भिंत लिहिलेली असतेच, हे लक्षात ठेवा. खुंटा पुन्हा शूट करावाच लागणार होता.

दुसरी गोष्ट सापडली ती मित्राच्या फोनमध्ये. विकल्या गेलेल्या जोडीचं आमच्याकडे एकही चित्र नव्हतं. शूटमध्ये शेजाऱ्यांची जोडी वापरलेली. मी त्याला सहज विचारलं, मागच्या पोळ्याचं काही आहे का. त्यानं 2 सप्टेंबर 2024चा एक व्हिडीओ पाठवला. उभा, हलणारा, उन्हात पांढरे बैल फटफटीत पांढरे झालेले. काका दोन्ही बैल घेऊन कोठ्यातून बाहेर येतात, शिंगांना बेगड, अंगावर झूल, एक बैल मान झटकतो आणि घुंगरमाळ वाजते. शेवटी काका कॅमेऱ्याकडे पाहून पोरावर खेकसतात: "व्हिडिओ काऊन काढतं बे, कासरा धर!" तिथं व्हिडीओ संपतो. एकूण 11 सेकंद.

हा व्हिडीओ त्यानं पहिल्या एडिटच्या वेळीही पाठवला होता, हे मला चॅट मागे नेल्यावर कळलं. "क्वालिटी नाही" असं उत्तर देऊन मी तो बाजूला टाकला होता.

आता तो टाकायचा कसा? उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंना तेच चित्र धूसर करून पसरायचं, ही सगळीकडची पद्धत. टीव्हीच्या बातम्यांतही तेच दिसतं. मी बाजू काळ्या ठेवल्या. 1080 उंचीच्या आडव्या पडद्यावर उभं चित्र जेमतेम 608 पिक्सेल रुंद येतं, पडद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडं कमी. आतापर्यंत हिरव्यागार मोठ्या चित्रावर फिरणारी नजर एकदम एका फटीत येते. दाराच्या फटीतून पाहावं तसं. क्लिपवर रंगाचं काहीही काम केलं नाही, हलणं स्थिर केलं नाही. फक्त एक तांत्रिक दुरुस्ती केली. फोन सेकंदाला बरोबर 30 फ्रेम घेत नाही, कमी-जास्त करतो, आणि त्यामुळे आवाज हळूहळू चित्राच्या पुढे-मागे जातो. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ती पक्क्या 30 फ्रेमची करून घेतली. 25च्या टाइमलाइनवर दर सहावी फ्रेम गळते, हालचाल किंचित झटका देते. ते राहू दिलं.

आणि मग त्या क्लिपच्या मापानं कोठा पुन्हा शूट केला. तिथंच उभं राहून, फोन धरला होता त्याच उंचीवर, पण या वेळी कॅमेरा आडवा. टेबलावर दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून पाहिली आणि जिथं डाव्या बैलाची मान येत होती तिथं खुंटा येईल अशी चौकट बसवली. कट असा आहे: फटीत बैल, काका, उन्हाची चमक, काका खेकसतात, आणि "कासरा धर" हे दोन शब्द उच्चारले जायच्या आत चित्र बदलून पूर्ण रुंद होतं. दोन्हीकडचा काळा पडदा सरतो आणि जास्तीची जी जागा दिसते ती सगळी रिकामी. आवाज मागच्या शॉटचा, चित्र पुढचं. याला एल-कट म्हणतात, लग्नात आम्ही भटजींच्या आवाजावर रोजच करतो. इथं तो आवाज रिकाम्या कोठ्यात पडला.

काकूंना विक्री कळावी म्हणून त्याआधी तीन साधे शॉट लावले. रात्री रस्त्यावर लांब जाणारे मालवाहू छोट्या टेम्पोचे लाल दिवे. काकूंचा हात कोठ्यातला बल्ब बंद करतो. अंधार, एक पूर्ण मात्रा. बल्बच्या शॉटनं पहिल्या वेळी त्रास दिला होता, एलईडी असल्यामुळे पडद्यावर आडवे पट्टे सरकत होते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की बहुतेक बल्बांचे पट्टे जातात. पहिल्या दिवशी कॅमेरा 125वर होता, कोणी पाहिलंच नाही. फेरशूटला 50वर घेतला.

इथपर्यंत मला गाण्याला हात लावावा लागला नव्हता. पुढे लागला, आणि भांडण झालं.

खांदशेकणीच्या संध्याकाळी काका सवयीनं हळद-तुपाची वाटी घेऊन कोठ्यात गेले होते. आम्ही त्यांना तसं सांगितलं नव्हतं. उलट रिकाम्या खुंट्यासमोर आवतन म्हणा असं सकाळी सुचवलं होतं, तेव्हा "खुंट्याले कोनी आवतन देते का" म्हणून त्यांनी उडवून लावलं होतं. संध्याकाळी कॅमेरावाल्यानं दारातून पाठमोरं घेतलं. ते आत जातात, थांबतात, वाटी कोनाड्यात ठेवतात, परत येतात. काही बोलले असतील तर ऐकू आलं नाही. पहिल्या एडिटमध्ये या जागी ध्रुपद येत होतं म्हणून मी ड्रोन उडवला होता!

हा शॉट तोडता येत नव्हता आणि ढोलकीखाली टाकताही येत नव्हता. मला गाण्यात एक आवर्तन मोकळं हवं होतं: आठ मात्रा, 160 फ्रेम, 6.4 सेकंद. मित्र म्हणाला, "गानं मधात थांबलं त लोकं समजन नेट गेलं." त्याची भीती खोटी नव्हती. खेड्यात रेंज जाते तेव्हा व्हिडीओ असाच थांबतो. म्हणून तिथं पूर्ण शांतता ठेवली नाही. शेजारच्या कोठ्यातल्या बैलांची घुंगरमाळ ठेवली, आणि ती शॉटच्या आधीच, ढोलकी विरता विरता सुरू केली. प्रेक्षक फोनवर पाहणार, फोनच्या स्पीकरमधून ढोलकीचा धुम अर्धा नाहीसाच होतो, पण घुंगराचा बारीक आवाज स्वच्छ पोचतो. यूट्यूब गाण्याचा आवाज साधारण उणे 14 एलयूएफएसवर (हे आवाजाची पातळी मोजायचं माप) आणतं, जास्त मोठा असेल तर खाली ओढतं, लहान असेल तर वर उचलत नाही. म्हणून घुंगरं फार दबकी ठेवून चालणार नव्हतं. नुसत्या ऐकायच्या गाण्यात ही जागा नाही, फक्त व्हिडीओत आहे. या तडजोडीवर तो तयार झाला. व्हिडीओ 4 मिनिटं 14 सेकंदांचा झाला.

स्लो मोशनचं थोडक्यात. ओठ हलवत स्लो मोशनमध्ये गायचं असेल तर कॅमेरा 50 फ्रेमवर ठेवतात आणि जागेवर गाणं दुप्पट वेगानं लावतात, म्हणजे 25वर आणल्यावर ओठ जुळतात. आमचा गायक दुप्पट वेगाच्या आपल्याच आवाजाबरोबर चिमणीसारखा गात उभा होता आणि बांधावरची पोरं हसून लोळत होती. तो शॉट त्याला फार प्रिय. दिसतोही छान. पण सतरा ठिकाणी स्लो असेल तर कुठेच स्लो नसतं. शेवटी मी एकच जागा ठेवली, शेजाऱ्याच्या बैलाच्या खांद्यावर हळद लावणारा हात, तोही काका वाटी घेऊन कोठ्यात जातात त्याच्या आधी. रंगांचं तर फार काही केलंच नाही. आठवण म्हणजे पिवळट, दुःख म्हणजे निळसर, हा ठरलेला मसाला टाळला. फक्त शूटमधल्या बैलांचा पांढरा रंग फुटू नये एवढं उजेडाला खाली घेतलं.

आता गायकाच्या चेहऱ्याचा प्रश्न. चॅनेल त्याचं, खर्च त्याचा, आणि मी त्याला 97 सेकंदांवरून 41वर आणलं होतं. तो दोन दिवस बोलला नाही. त्याचंही चुकत नव्हतं. या व्हिडीओवर त्याला गणपतीतले आणि लग्नातले कार्यक्रम मिळणार, लोकांना चेहरा ओळखू यायला हवा. शेवटी ठरलं असं: सुरुवातीचे 12 सेकंद आणि थंबनेल त्याचं. मधे तो गाताना दिसेल, पण घरात, मुलगा म्हणून. कधी दारात, कधी चुलीपाशी, काकांच्या मागे. यातून एक फायदा झाला जो मी आधी पाहिला नव्हता. तो शेतात उभा राहून गात होता तेव्हा प्रेक्षकाला गात होता; घरात गायला लागला तेव्हा बापाला गातो आहे असं वाटू लागलं. ओठ तेच, शब्द तेच.

शेवट तान्ह्या पोळ्याचा. नातू लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी, मागतो, आजोबाच्या हातात दोरी देतो. दिग्दर्शन करणाऱ्या आमच्या तिसऱ्या दोस्ताला काकांचं हसू हवं होतं. होतंही फुटेजमध्ये. मी हसू यायच्या बारा फ्रेम आधी कापलं. यावर अजून आमचं एकमत नाही. तो म्हणतो मी कंजूषपणा केला, आणि कधी कधी मलाही तसं वाटतं.

दुसऱ्या एडिटमध्ये 83 शॉट झाले, सरासरी तीन सेकंदांचे. पण ही सरासरी फसवी आहे. पोळा फुटतो तिथं, तोरण तुटून बैलं धावतात त्या जागी, मी अजूनही मात्रेवरच कापलंय, खटाखट. तिथं गाण्यालाही तेच हवं आहे. आणि त्या धावपळीमुळेच पुढचे 11 सेकंद न तोडता चालतात.

सगळं जमलं असं नाही. यूट्यूब स्टुडिओमधला आलेख पाहिला तर पहिल्या अर्ध्या मिनिटात बरेच जण निघून जातात. गायकाला दिलेल्या 12 सेकंदांनंतर मी कोठ्याची एक लांब सकाळ ठेवली आहे, ती आज ठेवली नसती. उभ्या क्लिपपाशी मात्र आलेख वर उचलतो, म्हणजे लोक मागे जाऊन ती पुन्हा पाहतात. "व्हिडिओ क्वालिटी खराब आहे" अशा कमेंटही नेमक्या त्याच जागेबद्दल आहेत.

दुसरा एडिट त्याच ओसरीवर, त्याच टीव्हीवर लावला. या वेळी पोरांनी शिट्टी मारली नाही, ड्रोन एकदाच होता. "कासरा धर" आलं तेव्हा मागच्या रांगेतून कोणी तरी "हाव ना" म्हणालं. काकू काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावून आत गेल्या. काकांनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, "ते मागच्या सालचं निरानिरं भेटन का? गानं नको. तेवढंच."

त्यांचा फोन बटनांचा, त्यात ती क्लिप चालेना. काकूंच्या फोनमध्ये टाकून दिली.